मोठी कुत्री आणि आपलं अंगण: भिंत नंतर बघा, आधी गेट बघा

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. भैरू जर्मन शेफर्ड, ३८ किलोचा, आणि मैना कारवान जातीची, अंगाने एकदम सडपातळ पण उडी अशी की बघतच राहावं. पुण्यात धायरीच्या पुढे आमचं छोटं घर आहे, तीन बाजूंनी अंगण, पुढे रस्ता आणि मागे एक रिकामा प्लॉट. घर बांधलं तेव्हा आम्ही सगळा जोर कंपाउंडच्या भिंतीवर लावला, चांगली सहा फूट घेतली, आणि वाटलं की झालं काम.

मग एका लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत सुतळी बॉम्ब वाजला आणि भैरू गेला. भिंतीवरून नाही, गेटातून. कोणीतरी फराळाचं ताट द्यायला आलं होतं, गेट लोटलं होतं पण अल्ड्रॉप पूर्ण सरकवला नव्हता, आणि त्याने अंग टाकल्यावर ते उघडलंच. आम्ही चौघं टॉर्च घेऊन फिरलो, रात्री साडेअकराला तो कालव्याच्या बाजूला एका उभ्या टेम्पोखाली सापडला, चारही पंजे सोललेले, थरथर कापत होता. मी जवळ गेले तर आधी मलाही ओळखेना. ते डोळे मी अजून विसरले नाहीये. त्यानंतर आम्ही अंगण नव्याने बघायला घेतलं आणि जे जे केलं, जे चुकलं ते सगळं इथे लिहितेय. ज्यांच्याकडे लॅब, रॉटवायलर, डॉबरमन, शेफर्ड, मास्टिफ किंवा आपली गावठी पण दणकट कुत्री आहेत आणि थोडंफार अंगण आहे त्यांच्यासाठी.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काही विकत घेऊ नका, वेल्डरला फोन करू नका. कुत्रा अंगणात कुठे उभा राहतो, कुठे हुंगतो, कुठे उकरतो, कशावर चढून बाहेर बघतो ते बघा. मग एक दिवस टेप, खडू आणि टॉर्च घ्या आणि गुडघ्यावर बसून सगळ्या कंपाउंडच्या कडेने एक फेरी मारा, उभं राहून नाही, कारण उभं राहिल्यावर जे दिसत नाही ते कुत्र्याच्या उंचीवरून लगेच दिसतं. आमच्या मागच्या कोपऱ्यात प्लास्टरवर नखांच्या चार-चार रेघा होत्या, जमिनीपासून साडेचार फुटांवर, आणि त्याच्या बरोबर खाली धुण्याचा दगड. म्हणजे मैना रोज तिथून उडी मारून बघत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. दगड हलवला, भिंतीला हातही लावला नाही, तिथला प्रॉब्लेम तिथेच संपला.

भिंतीपासून पाच-सहा फुटांत पाय ठेवायला काहीही नको. उरलेल्या विटा, वाळूचा ढीग, मोठ्या कुंड्या, एसीचं आउटडोअर युनिट, उभी केलेली स्कूटर, जुनी पाण्याची टाकी, सगळं पायरीसारखं वापरतात.

कुत्रा बाहेर का जातो हे पण कळलं पाहिजे. काही घाबरून पळतात, काही मांजर, मुंगूस दिसलं की मागे धावतात, काही नुसते कंटाळलेले असतात, आणि नर असेल आणि आजूबाजूला मादी हीटवर (माजावर) असेल तर तो दोन दिवस जेवणार नाही पण भिंत चढेल. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला, फक्त मोठ्या जातींमध्ये हाडं, सांधे पूर्ण वाढायला वेळ लागतो म्हणून ती कधी करायची हे त्यांनाच ठरवू द्या. कंटाळलेल्या कुत्र्याला मात्र कुठलीच भिंत पुरत नाही, त्याला रोज दोन वेळा चांगलं फिरवणं हाच उपाय. अंगण मोठं आहे म्हणून फिरवायची गरज नाही हे मी खूप जणांकडून ऐकलंय आणि ते साफ चुकीचं आहे.

गेट

इथे सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घाला.

एक, गेट कुठल्या बाजूला उघडतं. आत उघडणारं असेल तर कुत्र्याने आतून अंग टाकलं तरी ते बंदच होतं. बाहेर उघडणारं असेल तर अडतीस किलोचं वजन पूर्ण त्या कडीवर येतं. आमचं बाहेर उघडायचं. वेल्डर काका म्हणाले, "ताई, आत घेतलं तर गाडी लावायला जागा कमी पडेल हो." म्हटलं काका, गाडी फूटभर पुढे-मागे घेऊ, तुम्ही आतच घ्या. घेतलं. गाडी बसते.

दोन, कडी. वरून खाली पडणारी साधी कडी नाकाने उचलली जाते, शेफर्ड आणि डॉबरमन हे एका आठवड्यात शिकतात, आणि एकदा जमलं की विसरत नाहीत. आडवा सरकणारा अल्ड्रॉप चांगला, पण त्याच्या भोकात काहीतरी अडकवलंच पाहिजे, कुलूप नको असेल तर ट्रेकिंगवाले वापरतात तो स्प्रिंगचा हूक घाला, उघडायला दोन सेकंद लागतात. खाली जमिनीत जाणारा एक टॉवर बोल्ट पण हवा, नाहीतर दोन पल्ल्यांचं गेट खालून फाकतं आणि कुत्रा डोकं घालून बाकीचं अंग ओढून घेतो.

तीन, खालची फट. आपल्याकडे रॅम्पला रस्त्याकडे उतार असतो त्यामुळे गेटखाली एका बाजूला दोन इंच आणि दुसऱ्या बाजूला पाच इंच अशी फट राहते. तीन इंचांपेक्षा जास्त कुठेच नको, पिल्लू असेल तर दोन. खाली पट्टी वेल्ड करून घ्या किंवा जाड रबर लावा. उभ्या गजांचं गेट असेल तर खालचे तीन-साडेतीन फूट पत्र्याने बंद करा. याचा फायदा दुहेरी आहे, गल्लीतली कुत्री गजांमधून भांडायला येतात आणि नाकं फाडून घेतात ते थांबतं, आणि शाळेतून येणारी लहान मुलं आत हात घालतात ते पण थांबतं. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

चार, दुसरं गेट. हे आम्ही सगळ्यात शेवटी केलं आणि सगळ्यात आधी करायला हवं होतं. मुख्य गेटच्या आत पाच-सहा फुटांवर अँगलच्या चौकटीत जाळी बसवून एक छोटं दार. नियम एकच, दोन्ही दारं एका वेळी उघडी राहणार नाहीत. कोणी आलं की ते मधल्या जागेत येतं, बाहेरचं लागतं, मग आतलं उघडतं. ज्यांना जागा नाही त्यांनी निदान व्हरांड्याला जाळीचं दार करा आणि गाडी काढताना, आत घेताना कुत्र्यांना आधी त्या दारामागे घ्या. गाडी रिव्हर्स घेताना मागे बसलेला कुत्रा दिसत नाही, त्यामुळे हे पळून जाऊ नये म्हणूनच नाही, चाकाखाली येऊ नये म्हणून पण.

सरकतं गेट असेल तर रुळातली माती दर आठवड्याला काढा, मातीमुळे ते शेवटचे दोन इंच बंद होत नाही आणि आपल्याला वाटतं बंद झालंय.

येणारी-जाणारी माणसं

बेल गेटच्या बाहेर, पेपर आणि पत्रांची पेटी बाहेर, दुधाची पिशवी अडकवायचा हूक बाहेर. विजेचा मीटर आत असेल आणि बाहेरच्या भिंतीवर घेता येत असेल तर रीतसर अर्ज करून घ्या, नाहीतर रीडिंगच्या दिवसांत कुत्री आत ठेवा. सिलेंडरवाल्या दादांना, पार्सल आणणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की फोन केल्याशिवाय गेट उघडायचं नाही. "कुत्र्यापासून सावध रहा" ही पाटी मोठ्या अक्षरांत मराठीत लावा आणि सोबत कुत्र्याचं चित्र, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही.

हे मी कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये पण कायदा माहिती असावा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांचा कुत्र्याचा परवाना असतो, त्यासाठी रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. ते सर्टिफिकेट हाताशी ठेवा. आणि कोणाला चावा बसलाच, अगदी नुसतं खरचटलं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्या माणसाला स्वतः दवाखान्यात घेऊन जायचं. आमचा कुत्रा लस घेतलेला आहे हो, असं म्हणून विषय संपवू नका.

भिंत, जाळी आणि खालून उकरणं

लॅब, रॉटवायलर, मास्टिफला पाच फूट बहुतेक वेळा पुरतं. शेफर्ड, डॉबरमन, मालिनॉ, हस्की, आणि कारवान, राजपालयम सारख्या शिकारी जातींना सहा फूट आणि वर आत झुकलेला दीड फूट. भिंतीवर काटेरी तारेसाठी अँगल लावतात ना तसेच अँगल, पण ४५ अंशात आतल्या बाजूला वाकवलेले आणि त्यावर काटेरी तार नाही तर साधी जाळी. कुत्रा वर बघतो, डोक्यावर जाळी दिसते आणि उडी मारायचा विचार सोडतो. भिंतीवर काचा अजिबात नकोत, कुत्रा काच बघून थांबत नाही, तो चढतो आणि कापला जातो. ब्लेडची तार पण नको.

चेनलिंक जाळी घेताना दुकानात गेज विचारा. आकडा जितका कमी तितकी तार जाड, १४ गेजची जाळी दाताने वाकवतात, १० गेज आणि दोन इंचाचं भोक घ्या, गॅल्वनाइज्ड. जाळी खांबांच्या आतल्या बाजूने बांधायची, म्हणजे कुत्र्याने ढकललं तर ती खांबावर दाबली जाते, बाहेरून बांधली असेल तर नुसत्या बाइंडिंग वायरवर सगळा भार येतो आणि एक-एक वायर तुटत जाते.

खालून उकरणाऱ्यांसाठी दोन उपाय. नवीन कुंपण असेल तर खाली फूटभर खोल काँक्रीटची पट्टी टाका. जुनं असेल तर दीड-दोन फूट रुंदीची जाळी कुंपणाच्या पायथ्याला बांधून आतल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, वर माती किंवा जुन्या शहाबादी फरश्या टाका. कुत्रा नेहमी कुंपणाला चिकटूनच उकरायला सुरुवात करतो, नखाला जाळी लागली की दोन फूट मागे येऊन उकरायचं त्याला सुचत नाही. पावसाळ्यात काळी माती खचते आणि कुंपणाखाली आपोआप बोगदे तयार होतात, जून ते सप्टेंबर दर रविवारी बघा.

रस्त्याच्या बाजूला जाळी असेल तर हिरवी शेडनेट लावून नजर बंद करा. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकून कुत्रा चिडचिडा होतो, आणि शेजारी पण वैतागतात.

साखळी नको

दिवसभर बांधलेला कुत्रा सुरक्षित असतो असं वाटतं, तसं नाहीये. आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये बसतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भिंतीजवळ बांधलेला कुत्रा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे गळफास लागून लटकतो, असं होतं. भाड्याचं घर असेल, कुंपण करता येत नसेल तर जेवढा वेळ तुम्ही स्वतः बाहेर बसलाय तेवढाच वेळ दोन खांबांमध्ये उंचावर तार ताणून त्यावर कडी फिरेल अशी लांब दोरी, आणि ती पट्ट्याला नाही, हार्नेसला. आणि दोरी कुठल्याही भिंतीपर्यंत पोचणार नाही अशी.

चोक कॉलर, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारा पट्टा, अंगणात कधीच नको, कुठेही अडकतो. दोन कुत्री खेळत असतील तर साधे पट्टे पण काढून ठेवा, एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकून पीळ बसतो आणि दोघंही घाबरून ओढतात. आमच्याकडे हे एकदा झालंय, नवऱ्याने कात्रीने पट्टा कापला म्हणून मैना वाचली. तेव्हापासून व्हरांड्यात खिळ्याला कात्री टांगलेली आहे.

राहायची जागा

पत्र्याचं शेड एप्रिल-मेमध्ये भट्टी होतं. पत्राच असेल तर त्यावर पांढरा रंग आणि वर पाचट किंवा गोणपाट, शक्य असेल तर झाडाखाली. पुण्यात पावसाचा मारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो त्यामुळे दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. जमीन आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच, फरशी खरखरीत. चकचकीत टाइल्सवर मोठ्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात, शेफर्ड, लॅबमध्ये हिप डिस्प्लेसिया म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष असतो त्यांना तर फार त्रास. साधी शहाबादी सगळ्यात बेस्ट आणि उन्हाळ्यात गार पण.

पाण्याची दोन भांडी, दोन वेगळ्या जागी, कारण एक सांडणारच. दुपारी बारा ते चार कुत्रा घरात. खूप धापा टाकतोय, लाळ चिकट झालीये, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत तर तो उन्हाचा झटका. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की वाट बघू नका. सावलीत घ्या, साध्या गार पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं अजून एक. भरपेट जेवणानंतर लगेच अंगणात पळू देऊ नका, पोटात गॅस भरून पोट पिळलं जाऊ शकतं. पोट फुगलंय, ओकारी काढतोय पण काहीच पडत नाहीये, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा, सकाळपर्यंत वेळ नसतो.

अंगणातच असलेले धोके

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बघा. गंजलेला पत्रा असेल तर आजच बदला, चाळीस किलोचा कुत्रा त्यावर बसला की ते जातं. बागेतले लाइट, पंप, कूलर यांच्या उघड्या वायरिंगने पावसाळ्यात शॉक लागतो, अनवाणी ओल्या पंजांना जास्तच. इलेक्ट्रिशियनला सांगून अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, बसवून घ्या.

विषारी झाडांमध्ये कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, आणि बंगल्यांच्या दारात हमखास असतो तो सायकस. सायकस दिसायला शांत पण त्याच्या बिया खाल्ल्या तर लिव्हर जातं. आणि खतांमध्ये एरंडी पेंड, ही गोष्ट खूप जणांना माहिती नाहीये, तिचा वास कुत्र्यांना आवडतो, कुंडी उकरून खातात आणि ती जिवावर बेतू शकते. माळ्याला स्पष्ट सांगा की एरंडी पेंड आपल्याकडे नको. उंदरांचं औषध अंगणात कुठेच नको.

गोचीड दगडांच्या फटीत, भिंतीच्या भेगांत राहतात. कुत्र्याला औषध लावलं आणि भेगा तशाच सोडल्या तर महिन्यात परत येतात, आणि त्यांच्यापासून टिक फीवर होतो. भेगा सिमेंटने भरून घ्या. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, साचलेलं पाणी प्यायला देऊ नका आणि लेप्टोची लस दिली आहे का ते कार्डावर तपासा.

साप. आमच्या भागात घोणस आणि नाग दोन्ही दिसतात. विटांचे ढीग, लाकडं, वाढलेलं गवत काढून टाका, रात्री शेवटचं बाहेर सोडताना आधी लाइट लावा आणि स्वतः पुढे जा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी जोरात फुत्कारते, तो आवाज आला की कुत्र्याला तिथूनच हाक मारून मागे घ्या. चावलाच तर चिरा देणं, घट्ट बांधणं, हळद लावणं यात वेळ घालवू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. ज्या दवाखान्यात सर्पविषावरचं इंजेक्शन ठेवतात त्याचा नंबर आजच शोधून फ्रिजवर लावा.

सिंहगड पायथा, खडकवासला, बावधनकडची टेकडी अशा ठिकाणी राहत असाल तर बिबट्याचा विचार करावाच लागतो. कुत्रा हे त्याचं नेहमीचं खाणं आहे आणि सहा फूट भिंत त्याला काहीच नाही. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रा घरात किंवा वरून पण बंद असलेल्या पिंजऱ्यात, दुसरा मार्ग नाही. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

फटाके आणि ढोल-ताशे

गणपतीत आणि दिवाळीत माझ्या घरी कुत्री अंगणात नसतात. दुपारीच लांब फिरवून आणायचं, जेवण लवकर, संध्याकाळी सहाच्या आत घरातल्या आतल्या खोलीत, पडदे ओढलेले, पंखा फुल, आणि घरातलं कोणीतरी सोबत. शांत राहणारा कुत्रा पण त्या आवाजाला काय करेल सांगता येत नाही. भैरू तर त्याआधी कधी गेटाजवळही गेला नव्हता.

मायक्रोचिप बसवून घ्या, १५ आकडी नंबर असतो, आणि तो तुमच्या फोननंबरसकट रजिस्टर झालाय का हे विचारा, नाहीतर चिप असून उपयोग नाही. चिप म्हणजे जीपीएस नाही, ती स्कॅनरखालीच वाचता येते. म्हणून पट्ट्यावर फोननंबर कोरलेला बिल्ला पण हवाच.

तरीही गेलाच तर

गाडीवर बसून लांब जाऊ नका, आधी अर्धा किलोमीटरच्या आत पायी बघा, उभ्या गाड्यांखाली, बांधकामांमध्ये, जिन्यांखाली, घाबरलेला कुत्रा अंधाऱ्या जागेत शिरतो. घरी एक माणूस थांबला पाहिजे आणि गेट उघडं, बरेचसे स्वतःच परत येतात. रखवालदार, रिक्षावाले, चहाची टपरी, पहाटे पेपर टाकणारी मुलं, यांना फोटो दाखवा. दिसला तर मागे धावू नका, बाजूने जा, जमिनीवर बसा, त्याच्याकडे थेट न बघता हळू आवाजात रोजच्या शब्दात बोला. मी टेम्पोजवळ रस्त्यावरच बसले होते आणि "भैरू, भाकरी खायची?" एवढंच म्हणत राहिले, वीसेक मिनिटांनी त्याने नाक बाहेर काढलं.

घरी आणल्यावर रागावू नका, परत आल्यावर मार बसतो एवढंच त्याला कळेल. पंजे धुऊन बघा, पाणी द्या, अंगावर कुठे चावल्याच्या खुणा आहेत का ते केस बाजूला करून बघा, असतील तर लस घेतलेली असली तरी रेबीजच्या बूस्टरसाठी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि तो कुठून गेला ती जागा त्याच रात्री बंद करा, वेल्डर येईपर्यंत बाइंडिंग वायरने, विटांनी, मिळेल त्याने. एकदा वाट सापडलेला कुत्रा सकाळी सगळ्यात आधी तिथेच जाऊन बघतो.